भाकड नव्हे, गाभण

जनावरांच्या डॉक्टरांच्या गौरवग्रंथात प्रसूतिगृहातल्या नर्सबाईने काय लिहायचे, असे हा ग्रंथ चाळणाऱ्याला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पण संपादक मंडळी घरी आली, चहा घेतला, आणि ‘तुमचा नि डॉक्टरसाहेबांचा एवढ्या वर्षांचा परिचय, त्यांच्या चार गोड आठवणी लिहून द्या’ असा आग्रह करून गेली. आठवणी पुष्कळ आहेत. त्यांतल्या गोड किती, ते मंडळींनी वाचून ठरवावे.

डॉ. अनंत विष्णु ओझरकर यांची माझी ओळख वजनकाट्यावरून झाली. स्वातंत्र्य मिळून फार दिवस झाले नव्हते. कल्याणच्या प्रसूतिगृहात मी नुकतीच मुख्य परिचारिका म्हणून रुजू झाले होते. आमच्या कुंपणाला लागूनच गुरांचा सरकारी दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांना गाव ‘ढोरडॉक्टर’ म्हणे, आणि म्हणताना आवाज खाली आणण्याचीही कुणाला गरज वाटत नसे. खाकी अर्धी विजार, डोक्यावर उन्हाची टोपी आणि सायकलच्या दांड्याला लटकवलेली पिशवी, एवढेच मी त्यांना येता-जाता पाहिलेले. एका सकाळी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि नमस्कार करून म्हणाले, “बाई, तुमचा तान्ह्या मुलांचा काटा अर्धा तास मिळेल का?”

“कुणाचं मूल आहे?”

“मूल नव्हे, वासरू आहे.”

मला वाटले, चेष्टा चालली आहे. मी जरा तोऱ्यातच म्हटले, “डॉक्टर, त्या पारड्यात वासरू मावायचं नाही.”

“मावतं,” ते म्हणाले. “तीच तर तक्रार आहे.”

त्यांच्या मागे गोरक्षण संस्थेचा गडी गोणपाटात काहीतरी गुंडाळून उभा होता. वासरू खरोखरच मावले. मेलेले होते, पाय पोटाशी दुमडलेले, अंगावरची लव अजून ओली. डॉक्टरांनी आकडा पाहिला, वासराच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, आणि मग आमचा काटा स्वतःच्या हाताने फिनेलने दोनदा धुऊन परत दिला. कोणत्या रोगाने मेले, असे मी विचारले. ते म्हणाले, “रोग कसला? उपास. आईच्या पोटात असतानाचा.”

त्या एका वाक्यात डॉक्टरांचे सगळे काम आले. पुढची दहा-अकरा वर्षे ते हेच वाक्य निरनिराळ्या माणसांना निरनिराळ्या तऱ्हेने सांगत राहिले आणि निरनिराळी माणसे एकाच तऱ्हेने मान डोलावत राहिली.

शहरातल्या वाचकांसाठी थोडे उलगडून सांगते. आपल्या ठाणे-कल्याणकडची गावठी गाय दूध देते ते चहापुरते. तिची खरी कमाई म्हणजे तिचा खोंड. भाताच्या चिखलात नांगर ओढतो तो बैल याच गाईच्या पोटातून येतो. पण इथले चांगले गवत इथल्या गाईला मिळत नाही. दिवाळी झाली की ते कापायचे, गंजी रचायच्या, वखारीत दाबून गठ्ठे बांधायचे आणि मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना पाठवायचे, हा आपला जुना धंदा. घरच्या गाईपुढे भाताचा पेंढा. त्यातून ती दुभती असली तर ओंजळभर पेंड तरी तिच्या वाट्याला येते. दूध आटले की पेंड बंद. आणि दूध आटते केव्हा? तर पोटातले वासरू सहा-सात महिन्यांचे झाले की. डॉक्टर सांगत, वासराच्या अंगाची खरी वाढ शेवटच्या तीन महिन्यांतच होते. नेमके त्याच महिन्यांत आपण आईचे ताट उचलून घेतो. मग वासरू हडकुळे निघते, उठून उभे राहत नाही, उभे न राहिल्यामुळे सडापर्यंत पोचत नाही, आईचा चीक त्याच्या पोटात जात नाही आणि आठवड्याच्या आत हगवणीने मरते. जगलेच तर त्याचा खांदा कधी भरत नाही. “आणि मग पाच वर्षांनी शेतकरी त्या बैलाला शिव्या देतो,” डॉक्टर म्हणत. “बैल काय करील? तो जन्मायच्या आधीच आपण त्याला लुटलेला.”

या सगळ्या अनर्थाचे मूळ एका शब्दात आहे असे त्यांचे मत होते. दूध न देणारी गाय ती भाकड. मग ती म्हातारी असो, वांझ असो, की आठ महिन्यांची गाभण असो. चरवी खाली ठेवून उपयोग नाही ना, मग भाकड. हा शब्द कुणी गाभण गाईला लावला की डॉक्टर भर रस्त्यात सायकलवरून उतरत. “भाकड नव्हे, गाभण म्हणा,” एवढेच म्हणत आणि समोरचा तसे म्हणेपर्यंत जागचे हलत नसत. पोरेटोरे मागून ‘गाभण डॉक्टर’ म्हणून ओरडत. चांगल्या घरची शिकलेली माणसेही हसत. मी ती माणसे नावानिशी ओळखते. त्यांतल्या काहींचे लेख याच ग्रंथात आहेत.

शेतकऱ्यांवर मात्र डॉक्टर कधी चिडले नाहीत. मोहन्याकडच्या जोमा भोईरांच्या गोठ्यात मी एकदा डॉक्टरांबरोबर गेले होते, जोमांच्या सुनेला तपासायला. डॉक्टर बाहेर जोमांना पटवत होते की गाईला आतापासून थोडी पेंड आणि मुठीएवढे मीठ चालू करा. जोमा डोके खाजवत म्हणाले, “डाक्टर, तुमी सांगताव तां खरा. पन पोटान वासरू मोठा जाला न अरकला, तं गाय बी जायाची न वासरू बी. मना कोन देल दुसरी गाय?” आणि आत त्यांची बायको सुनेबद्दल मला शब्दाशब्दाने हेच सांगत होती. बाहेर येऊन मी हे डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “त्यांची भीती खरी आहे. अडलेली गाय मरताना त्यांनी पाहिली आहे. पेंढ्यावर सुकलेली गाय अडते ती अंगात जोर नसतो म्हणून, हे त्यांना आपण दाखवायला हवं. सांगून काय होणार?” मग ते महिनाभर दर आड दिवशी सायकल हाणत मोहन्याला गेले. गाय व्यायली त्या दिवशी गोठ्यात उभे होते. वासरू अडले नाही. जोमांनी पुढच्या खेपेला आपणहून पेंड चालू केली. सुनेचेही त्या घरात मग चांगले झाले, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण याच्या उलट गोष्ट शिकलेल्या घरात घडली.

डोंबिवलीच्या एका सुखवस्तू घरी परसात एक देखणी गाय होती. घरधनी मुंबईला मोठ्या कचेरीत. गाय दिवस भरत आलेली, म्हणून डॉक्टरांना बोलावणे गेले. त्यांनी गाय पाहिली, पेंड-कोंडा भिजवून आंबोण कसे करायचे ते सासूबाईंना समजावून सांगितले, आणि निघताना त्यांची नजर ओटीवर कण्या निवडत बसलेल्या सुनेकडे गेली. डॉक्टरांनी विचारले, “हिला कितवा?”

“सातवा,” सासूबाई म्हणाल्या.

“मग गाईला सांगितलं तेच हिलाही लागू आहे. पेंडीऐवजी डाळ, दूध, शेंगदाणे, एवढाच काय तो फरक.”

सासूबाई ताडकन म्हणाल्या, “ढोरांच्या डॉक्टरांनी ढोरांपुरतं पाहावं. आमच्या सुनेची पंचाईत तुम्हाला नको.” डॉक्टरांनी टोपी घातली आणि ते निघून आले. दुसऱ्या दिवसापासून त्या घरी गाईला पेंड सुरू झाली. सुनेचे मला ठाऊक आहे, कारण तिचे बाळंतपण माझ्याच हातून झाले. गाईला धष्टपुष्ट कालवड झाली. सुनेचा मुलगा चार पौंडांचाही भरला नाही. काट्यावर ठेवताना मला पहिल्या दिवसाचे ते वासरू आठवले आणि मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. मूल जगले. जगले म्हणजे काय, हे त्याच्या आईला विचारावे.

हे ऐकल्यावर डॉक्टरांनी एक गोष्ट केली. गोरक्षण संस्थेची जनावरे ते विनामूल्य तपासत, त्याबद्दल संस्था त्यांच्या घरी रोज शेरभर दूध पाठवी. ते दूध त्यांनी आमच्या प्रसूतिगृहाकडे वळवले, आणि मला बजावले, “बाळंतिणींना देऊ नका. त्यांना सगळे देतात, डिंकाचे लाडू, अळीव, काय काय. दिवस भरत आलेल्या बायका तपासायला येतात ना, त्यांना तिथेच बसवून प्यायला लावा. घरी नेऊ देऊ नका, घरी नेलं की ते दुसऱ्याच्या पोटात जातं.” त्यांच्या स्वतःच्या घरी त्यानंतर कित्येक महिने बिनदुधाचा चहा होई. ओझरकर वहिनींनी एका शब्दानेही कुरकूर केली नाही, म्हणून या गौरवातला निम्मा वाटा त्यांचा आहे. तो त्यांना दिल्याचे या ग्रंथाच्या अनुक्रमणिकेत मला कुठे दिसले नाही.

आता ज्या प्रसंगाबद्दल संपादक मंडळींनी ‘तो विषय नको’ असे चहा पिताना दोनदा सुचवले, तो सांगते.

संस्थेकडे मोहन्याला कुरण आहे. त्याचे गवतही इतरांसारखेच मुंबईला जाई. डॉक्टरांनी कार्यकारी मंडळाला विनवले, की एका हंगामापुरते एका बाजूचे गवत राखा. गाभण गाईंपैकी निम्म्यांना मी ते गवत, पेंड आणि मीठ माझ्या देखरेखीखाली घालतो, निम्म्यांना नेहमीचा पेंढा. वासरे झाली की दोन्ही शेजारी शेजारी उभी करू आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना बोलावून दाखवू. अध्यक्ष रावसाहेबांनी मोठ्या मनाने मंजुरी दिली. तीन महिने डॉक्टर दवाखान्याचे काम संपवून रोज तिथे जात. एका गोठ्यातल्या गाई अंगाने भरू लागल्या, कातडी तुळतुळीत झाली. दुसऱ्या गोठ्यातल्यांच्या फासळ्या मोजून घ्याव्यात. डॉक्टरांना मी इतके आनंदात कधी पाहिले नव्हते. ते दोनदा मला बोलवायला आले, “बाई, बघायला चला, अहो चला तर!” आणि मी दोन्ही वेळा गेले.

वेत अगदी तोंडावर आले आणि डॉक्टरांना खात्याच्या शिक्षणवर्गासाठी पुण्याला जावे लागले. ते गेले आणि इकडे मंडळाची सभा भरली. विषय काय, तर संस्थेचा खर्च. ठराव झाला, की संस्थेने भाकड जनावरे किती दिवस पोसायची, ती काढून टाकावीत. हेतू म्हाताऱ्या जनावरांविषयीच असेल, मी उगाच कुणावर आळ घेत नाही. पण म्हातारी कोणती नि गाभण कोणती हे पाहायला गोठ्यात जावे लागते, आणि मंडळातले कुणी गोठ्यात जात नसे. घरी खरवसाचा चीक पोचला म्हणजे त्यांना गाय व्यायल्याचे कळे. गड्याला हुकूम गेला, सकाळी जिच्याखाली चरवी बसणार नाही तिच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढ. गड्याने हुकूम पाळला. गाभण गाईंच्या दोन्ही गोठ्यांत एकूण एक पाठ तांबडी झाली.

पुढचे ऐका. घाटावरचे दलाल आले. त्यांना डोळे होते. त्यांनी भरल्या अंगाच्या गाईंच्या पोटाला हात लावून पाहिला, आपसांत एकदा हसले, आणि भाकडाच्या भावात त्या सगळ्या घेऊन गेले. हडकलेल्यांकडे कुणी फिरकलेसुद्धा नाही. त्या राहिल्या. म्हणजे डॉक्टरांनी पोसलेल्या तेवढ्या गेल्या आणि न पोसलेल्या तेवढ्या संस्थेत उरल्या. मूर्खपणालासुद्धा इतका नेमका नेम धरता येतो हे मला तेव्हा समजले.

डॉक्टर परत आले ते स्टेशनवरून थेट गोशाळेत गेले. मोकळा गोठा पाहिला. गड्याला कळप कुठल्या वाटेने गेला ते विचारले. सायकल काढली आणि मुरबाडच्या रस्त्याने सुटले. रायत्याच्या पुढे एका आमराईत त्यांना तो कळप विसाव्याला बसलेला सापडला. विक्री रीतसर झालेली, गाई मागण्याचा त्यांना अधिकार नव्हता. ते फक्त पाहत उभे राहिले. ढवळी नावाची गाय आदल्या दिवशी वाटेतच व्यायली होती. तिला हाकत नेणारा दलालांचा गडी डॉक्टरांना कौतुकाने सांगू लागला, “काय नवाल सांगू सायब! वासरू पडलं अन् घटकाभरात उभं. म्या म्हनलं आता ह्याला खांद्यावर घ्यावं लागतंय, तर ह्यो गडी आपला आईमागं चालाया लागला!”

डॉक्टरांनी ते वासरू दोन्ही हातांनी उचलून पाहिले. काटा जवळ नव्हता. असता तरी आमच्या काट्यात ते मावलेच नसते. खाली ठेवल्याबरोबर ते पुन्हा आईच्या मागे गेले.

हे त्यांनी मला आमच्या ओसरीत बसून सांगितले. मी विचारले, “मग आता मंडळाला दाखवणार काय?” ते हसले. म्हणाले, “पुरावा होता, बाई. चालत गेला.”

इकडे उरलेल्या हडकुळ्या गाई व्यायल्या. त्यांची वासरे एकामागून एक मेली. पुढच्या सभेत रावसाहेबांनी भर बैठकीत डॉक्टरांना विचारले, “काय हो ओझरकर, एवढं राखीव गवत घालून शेवटी वासरं मेलीच ना?” सभेत हशा पिकला. डॉक्टर उभे राहिले, त्यांनी शांतपणे सांगितले की मेली ती गवत न मिळालेल्यांची. कुणी ऐकून घेतले नाही. पुढचा विषय निघाला होता. मी त्या सभेला पाहुणी म्हणून मागे बसले होते. मला रडू आले नाही, संताप आला. तो अजून आहे, आणि त्याबद्दल मी कुणाची क्षमा मागत नाही.

डॉक्टरांनी मात्र राग धरला नाही. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे गोशाळेत जनावरे तपासत होते. त्यानंतर त्यांनी मंडळाकडे काही मागितले नाही. मोहने, टिटवाळा, कोलशेतकडची गावे असे एकटे हिंडत राहिले, एकेका गोठ्यात, एकेका गाईसाठी. त्यांना कुणी संत म्हटले की मला चीड येते. संत म्हटले की आपल्यावरची जबाबदारी संपते. ते संत नाहीत, ते वाकबगार डॉक्टर आहेत, आणि आपण त्यांना त्यांचे काम करू दिले नाही.

आता डॉक्टर साठीचे झाले. सत्कार समितीतले तिघे त्यांच्याकडे गेले आणि ‘आपल्याला भेट काय आवडेल’ म्हणून विचारले. मी तिथेच वहिनींशी बोलत बसले होते. त्या सभेनंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टरांनी काही मागितले. ते म्हणाले, “या खेपेला मोहन्याचं गवत विकू नका. संस्थेत गाई गाभण आहेत. माघात वितील. मला दुसरं काही नको.” मंडळी मोठ्याने हसली. ‘डॉक्टरसाहेबांचा विनोद!’ म्हणत जिना उतरली. नंतर कळले की चांदीची सवत्स धेनू द्यायचे ठरले आहे. सराफाकडे ती तयार होताना मी पाहून आले. गाय गुबगुबीत आहे, वासरूही चांगले भरलेले आहे. चांदीच्या गाईला पेंढाही लागत नाही.

आपल्याकडे गाय व्यायली की तिच्यापुढे गूळ, खोबरे, बाजरीची घाटी, सगळे मांडतात, कारण आता ती दूध देणार. पोटात वासरू वाढत होते तेव्हा तिच्याकडे कुणी बघत नाही. माणसाच्या बाबतीतही आपली रीत हीच. डॉक्टरांचे काम वाढत होते तेव्हा आपण त्यांना पेंढा घातला, आणि आता हा ग्रंथ, ही शाल, ही चांदी. डॉक्टर हे सगळे सौजन्याने घेतील, कारण ते सौजन्याचेच बनलेले आहेत. मला तेवढे सौजन्य जमत नाही.

पण अजून वेळ गेलेली नाही. मी हे लिहिते आहे तो कार्तिक आहे. मोहन्याच्या गंजी उभ्या आहेत, वखारवाला यायचा आहे. हा ग्रंथ ज्यांच्या हाती पडेल त्यांतल्या मंडळाच्या सभासदांनी उठून एकदा, एकदाच, स्वतःच्या पायांनी गोठ्यात जावे आणि त्या गाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारावी.

डॉ. ओझरकरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, वहिनींसह लाभो, असे सगळ्यांबरोबर मीही मनापासून म्हणते. मात्र माघात गाई वितील तेव्हा प्रसूतिगृहातला तो जुना काटा घेऊन मी गोशाळेत येणार आहे. रावसाहेबांनीही यावे. पहिले वासरू त्यांच्यासमोर पारड्यात ठेवू. ते त्यात मावू नये, एवढीच डॉक्टरांच्या साठीला माझी प्रार्थना आहे.